संगणकाचा परवाना : विक्री की भाडेपट्टा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल बंद केली. यंत्रे बिघडली नव्हती, काम अडले नव्हते; परंतु सुरक्षेच्या फटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या आता पूर्वीसारख्या मिळणार नाहीत, असे कंपनीने ठरवले आणि जगभरातील कोट्यवधी चालू संगणक एका दिवसात जुने ठरले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही चिप आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो; जुन्या यंत्रांत तो नाही. घरगुती ग्राहकांना वर्षभराची सवलत मिळाली. संस्थांना मात्र दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट, आणि तेही तीनच वर्षे, असा दर सांगण्यात आला.

ह्यामुळे कामगार संघटनांची कार्यालये, पतसंस्था, वाचनालये, ग्रामपंचायती आणि शाळा ह्यांच्यापुढे नव्या खरेदीचा प्रश्न उभा आहे. दुकानदाराच्या दरपत्रकात ‘विंडोजसह’ एवढा एकच शब्द असतो. कोणत्या परवान्याची विंडोज, हे त्यात लिहिलेले नसते, आणि कार्यकारिणीत ते विचारणाराही सहसा कोणी नसतो. वर्गणीचा पैसा ह्याच मौनातून वाया जातो.

एकच कार्यप्रणाली निरनिराळ्या अटींवर विकली जाते. तयार संगणकात उत्पादकाने घालून दिलेली प्रत ओईएम परवान्याची असते. ती स्वस्त पडते, पण तिचे आयुष्य त्या यंत्राशी, खरे म्हणजे त्याच्या मदरबोर्डाशी बांधलेले असते. यंत्र भंगारात गेले की परवानाही गेला. दुसऱ्या यंत्रावर तो नेता येत नाही. अडचण आली तर दाद मायक्रोसॉफ्टकडे नव्हे, उत्पादकाकडे मागायची. किरकोळ विक्रीचा, म्हणजे रिटेल परवाना महाग असतो. परंतु जुन्या यंत्रावरून काढून तो नव्या यंत्रावर नेता येतो, मात्र एका वेळी एकाच. तिसरा प्रकार संस्थांसाठीचा व्हॉल्यूम परवाना. सर्वांत जास्त फसगत इथेच होते. विंडोजचा हा परवाना मुळात वरची आवृत्ती घेण्याचा परवाना आहे. यंत्रावर आधीचा पात्र परवाना असला तरच तो वैध ठरतो. ‘कार्यप्रणालीविना’ स्वस्त यंत्रे घ्यायची आणि त्यांवर व्हॉल्यूम परवाना चढवायचा, ही काटकसर दिसते, पण कागदोपत्री त्या यंत्रांना परवानाच नसतो.

बाजारात चार-पाचशे रुपयांना मिळणाऱ्या ‘चाव्यां’ची गोष्ट वेगळी सांगायला नको. त्यांतील बऱ्याच कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून बाहेर आलेल्या असतात. चावी चालली म्हणून हक्क मिळाला असे होत नाही. बेकायदा प्रत आहे हे जाणून ती वापरणाऱ्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय केवळ दंडावरही सोडू शकते. पण त्या भरवशावर कोणत्याही संस्थेने खरेदी करू नये.

ही गुंतागुंत तांत्रिक गरजेतून जन्मलेली नाही. १९८१ मध्ये आयबीएमच्या पहिल्या वैयक्तिक संगणकासाठी डॉस पुरवताना मायक्रोसॉफ्टने तीच प्रणाली इतर उत्पादकांना विकण्याचा हक्क स्वतःकडे राखला, आणि मक्तेदारीचा पाया घातला गेला. पुढे उत्पादकांशी झालेल्या अनेक करारांत अशी अट आली की, कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे परवाना शुल्क द्यायचे, मग त्या यंत्रात मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो! स्पर्धकाची प्रणाली घालणाऱ्याने दोनदा पैसे मोजायचे. ही पद्धत १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीने बंद झाली. पण तोवर बाजार ताब्यात आला होता.

ग्राहकाला दिल्या जाणाऱ्या करारपत्रात कंपनी स्पष्ट म्हणते की, सॉफ्टवेअर विकलेले नाही, त्याचा केवळ परवाना दिला आहे. आता हाच व्यवहार कर खात्यासमोर कसे रूप पालटतो ते पाहा. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश ह्या खटल्यात उद्योगाचे म्हणणे होते की, सॉफ्टवेअर हा ‘माल’च नव्हे, म्हणून त्यावर विक्रीकर लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. पुढे प्राप्तिकराचा प्रश्न आला. परदेशी पुरवठादाराला दिलेले पैसे ‘रॉयल्टी’ धरले, तर त्यांतून इथेच कर कापावा लागणार. तेव्हा युक्तिवाद उलटा झाला : ही तर मालाची साधी विक्री आहे! २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग अॅनालिसिस सेंटरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. निकालाच्या कायदेशीर युक्ततेविषयी इथे वाद नाही. पण सरकारला कर देताना जी विक्री असते, ती ग्राहकाने आपला हक्क मागताच भाडेपट्टा कशी होते, हे विचारण्याचा अधिकार वाचकांना निश्चित आहे. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये, एकरकमी किंमत घेऊन बेमुदत दिलेली प्रत ही विक्रीच होय आणि ती पुन्हा विकता येते, असे ठरवले. आपल्याकडील ग्राहकाला इतक्या स्पष्टपणे हा हक्क कोणी दिलेला नाही.

भाडेपट्ट्याचा अर्थ काय होतो, हे जुलै २०२५ मध्ये दिसले. युरोपीय संघाने निर्बंध घालताच गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने तोडल्या. पैसे भरलेले, भारतीय कायद्याचा भंग नाही. तरी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा सेवा पूर्ववत झाल्या. ह्या सेवा ढगावरच्या, म्हणजे क्लाऊडच्या होत्या, कार्यप्रणालीच्या नव्हत्या, हे खरे. परंतु परवान्याची सारी वाटचाल त्याच, दूरवरून कळ दाबून बंद करता येण्याच्या दिशेने चालली आहे.

दुसरा मार्ग नाही असे नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला : वापरा, अभ्यासा, बदला, वाटा; मात्र बदललेली प्रत वाटताना हेच हक्क पुढच्यालाही द्या. लिनक्स ह्याच परवान्यावर उभे आहे. केरळात शाळांचा आयटी अॅट स्कूल प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला तेव्हा अभ्यासक्रम विंडोजवर बेतलेला होता. शिक्षकांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि त्याच दशकात शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या. केंद्रानेही २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण कागदावर आणले. ते कागदावरून खरेदीच्या निविदेत किती उतरले, हे कोणत्याही तहसील कचेरीत डोकावल्यास कळेल.

मुक्त प्रणाली फुकट पडते, असा भ्रम मात्र नको. टॅलीवर हिशेब ठेवणारी पतसंस्था किंवा जुन्या टंकांवर अंक जुळवणारा छापखाना एका रात्रीत लिनक्सवर जाऊ शकत नाही. शिकवणारा माणूस लागतो, वेळ लागतो. म्हणून वाचनालय, शाळा, पत्रव्यवहाराची यंत्रे प्रथम न्यावीत. जिथे विंडोज सोडता येत नाही आणि यंत्र जोडून घ्यायचे आहे, तिथे रिटेल परवानाच घ्यावा. तयार यंत्र पाच-सात वर्षे वापरून टाकायचे असेल तर ओईएम चालेल, पण ते जाणून.

दरपत्रकावर परवान्याचा प्रकार आणि त्याची वेगळी किंमत लिहून घ्यावी. बिल संस्थेच्या नावाचे असावे, आणि परवाना दुकानदाराच्या पोराच्या ईमेल खात्याशी जोडलेला नाही, हे पैसे देण्यापूर्वी चिटणिसांनी स्वतः पाहावे. सरकारी निविदांतही यंत्राची आणि कार्यप्रणालीची किंमत वेगवेगळी मागण्याची सक्ती व्हावी.