गाणे ऐका, पण आधी रस्ता ऐका



गळीत हंगाम तोंडावर आला की या पानांवर खोडव्याची निगा, ठिबक, उसाच्या जाती, तोडणीचा कार्यक्रम असे विषय येतात. ते यायलाच हवेत. आज मात्र मी जरा निराळा विषय घेतला आहे आणि तो वरवर पोरकट वाटेल. मोटारसायकल चालवताना गाणी ऐकावीत का? आणि ऐकायचीच झाली तर कशावर ऐकावीत? कानात इअरफोन घालून, हेल्मेटमधल्या स्पीकरवर, की हँडलला बांधलेल्या पेटीवर? "हा काय कारखान्याच्या अंकाचा विषय झाला?" असे कोणी म्हणेल. माझी विनंती एवढीच की, शेवटपर्यंत वाचावे आणि मग म्हणावे.

आधी माझीच कबुली देतो. दोन हंगामांपूर्वी माझ्या थोरल्या मुलाने मला बिनवायरचे इअरफोन आणून दिले. "दादा, गाडीवर भजनं ऐकत जावा, तेवढंच बरं वाटंल," म्हणाला. मला खरोखरच बरे वाटू लागले. सकाळी गट ऑफिसला जाताना दोन अभंग व्हायचे, येताना दोन. एके दिवशी पाटाच्या कडेने निघालो होतो. दोन्ही बाजूंना तोडीला आलेला ऊस पुरुषभर उंचीच्या वर गेलेला. वळणावर डाव्या हाताच्या पाणंदीतून भरलेला ट्रॅक्टर बाहेर येत होता. ट्रॅक्टरवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला होता, असे फडातल्या माणसांनी नंतर सांगितले. मला एकदाही ऐकू आला नाही. समोर एकदम बंपर दिसला, मी ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि मी चाकापासून वीतभर अंतरावर जाऊन पडलो. गळ्याजवळचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात होता आणि त्याच सहा आठवड्यांत माझ्या उसाला तोड आली. चूक ट्रॅक्टरवाल्याची नव्हती, रस्त्याचीही नव्हती. चूक माझ्या बंद कानांची होती.

खाटेवर पडल्या पडल्या मी पुष्कळ विचार केला. आपल्या ऊसपट्ट्यातला रस्ता आणि शहरातला रस्ता यांत एक मोठा फरक आहे. शहरात वळणावर भिंत असते, दुकान असते, ते बारा महिने तिथेच असते. आपल्याकडे तसे नाही. लागण असते तेव्हा चारी बाजूंचे दिसते; तेच ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बरोबर वाहतूक सुरू होण्याच्या वेळी, प्रत्येक वळण आंधळे होऊन बसते. डोळ्यांना उसाच्या पाल्यापलीकडे काही दिसत नाही. अशा वेळी डोळ्यांचे काम कानांना करावे लागते. पलीकडून ट्रॅक्टर येतोय की बैलगाडी, रिकामी ट्रॉली आहे की भरलेली, चढावर आहे की उतारावर, हे सगळे आपल्याला आवाजावरून कळते. ते कळते याची जाणीवसुद्धा आपल्याला नसते. कान बंद केले की मग जाणीव होते, आणि तीही माझ्यासारखी खाटेवर.

आता तिन्ही साधनांचा हिशेब मांडू. इअरफोन कानाच्या भोकात घट्ट बसतो. बाहेरचा आवाज अडवणे हा त्याचा गुणच आहे. घरी बसून ऐकणाऱ्याला तो गुण, गाडीवरच्याला तोच अवगुण. त्यातून वाऱ्याचा प्रश्न आहे. गाडीचा वेग वाढला की हेल्मेटच्या कडेने, हनुवटीखालून वारा आत घोंगावतो. हमरस्त्यावर ताशी शंभरच्या घरात गेलात तर आतला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. या आवाजावर मात करायची म्हणून गाण्याचा आवाज वाढवावा लागतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा ठोकताळा असा आहे की, ८५ डेसिबल आवाज रोज आठ तास चालेल. पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. असे करत शंभरला आलात की पंधरा मिनिटे उरतात. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. खोडव्याला फुटवा येतो, कानाला येत नाही.

हँडलला बांधलेल्या स्पीकरची तऱ्हा उलटी. कान मोकळे राहतात हे खरे, पण गाडीने वेग घेतला की वारा गाणे मागे उडवून नेतो. चालवणाऱ्याला कमी आणि रस्त्याकडेच्या घरांना जास्त ऐकू येते. मग चालवणारा आवाज आणखी वाढवतो. परदेशात होंडा गोल्डविंगसारख्या अवजड गाड्यांना कंपनीतूनच स्पीकर बसवलेले असतात. पण त्यांना पुढे मोठी काच असते, वारा अडतो. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला ते सोंग शोभत नाही.

राहिला हेल्मेटमधला स्पीकर. ही चपटी चकती हेल्मेटच्या गादीत कानासमोर बसते, कानात शिरत नाही. त्यामुळे आवाज बेताचा ठेवला तर हॉर्न ऐकू येतो. तिघांत हा त्यातल्या त्यात बरा, असे माझे मत झाले आहे. मात्र तो बसवण्यासाठी आतला थर्माकोल कोरू नका. पडल्यावर डोक्याचा मार तोच थर्माकोल झेलतो. चकतीला जागा केलेले हेल्मेट मिळते, ते आयएसआय छापाचे पाहून घ्या. नसेल तर गाण्याचा नाद सोडा.

फ्रान्स देशाने हाच भेद कायद्यात केलेला आहे. तिथे १ जुलै २०१५ पासून वाहन चालवताना कानात इअरफोन घालायला बंदी आहे. ती सायकलवाल्यालासुद्धा लागू आहे. हेल्मेटमध्येच बसवलेल्या स्पीकरला मात्र मुभा आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. गाडी चालवताना हातात मोबाइल वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात धरले गेले आणि पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजारांचा दंड किंवा कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. चालू गाडीवर एका हाताने गाणे बदलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण मला दंडाची भीती घालायची नाही. पोलीस चौकात असतो, पाणंदीच्या तोंडाशी नसतो.

भीती घालायचीच तर एक प्रसंग सांगतो. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात शाळेची व्हॅन बिनफाटकाच्या रेल्वे रुळांवर गेली आणि आगगाडीखाली सापडली. तेरा मुले गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. आगगाडीसारखी आगगाडी ज्या कानाला ऐकू येत नाही, त्याला ट्रॅक्टरचा हॉर्न काय ऐकू येणार?

इथपर्यंत मोटारसायकलवाल्यांचे झाले. आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण सभासद म्हणून आपली जबाबदारी तिथे जास्त आहे. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरांवरचे डेक, मोठमोठे स्पीकर आणि बेस यांची गेल्या काही वर्षांत चढाओढ लागली आहे. रात्री दोन वाजता ट्रॅक्टर गावातून जातो तेव्हा घराची तावदाने थरथरतात. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर इंजिनाचाच आवाज चालकाच्या कानाशी नव्वद डेसिबलच्या आसपास असतो. गाणे त्याच्याही वर चढवायचे म्हणजे काय, ते समजून घ्या. मागून कोणी ओरडले की "ट्रॉलीची पिन निसटलीया", "मोळ्या घसरल्यात", "पाठीमागचा दिवा बंद हाय", तर ते त्याला ऐकू जात नाही. मी स्वतः गेल्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे अर्धा मैल हॉर्न वाजवत गेलो आहे. मागच्या ट्रॉलीचा साखळदंड रस्त्यावर घासत ठिणग्या उडत होत्या आणि पुढे गाणे जोरात चालले होते.

जुन्या सभासदांना आठवत असेल, बैलगाड्यांच्या काळातही रस्त्यावर संगीत होतेच की! बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा असत. अंधाऱ्या रात्री लांबून तो आवाज आला की समोरचा आपली गाडी कडेला घ्यायचा. त्या आवाजाने गाडीवानालाही जाग राहायची आणि रस्त्यालाही. म्हणजे ते संगीत दुसऱ्याला सावध करण्यासाठी होते. आजचे संगीत दुसऱ्याला बहिरे करते आणि स्वतःलाही. अजूनही आपल्याकडे बैलगाड्यांनी ऊस येतो. शेजारून धडधडत ट्रॅक्टर गेला की बैल बुजतात, गाडी खड्ड्यात जाते आणि नुकसान मात्र गाडीवानाच्या माथी. रस्त्याकडेला कोप्यांमध्ये तोडणी मजुरांची लेकरे झोपलेली असतात. त्यांच्या आया पहाटे अंधारात फडावर जातात. त्यांच्या झोपेचा विचार कोणी करायचा? सार्वजनिक ठिकाणी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. तो फक्त गणपती आणि लग्नाच्या वरातीसाठी केलेला नाही.

याला चालकांचे एक उत्तर आहे आणि ते मी ऐकून घेतले आहे. एक तरुण चालक मला म्हणाला, "अण्णा, दोन रात्री झोप नाही. गाणं बंद केलं तर स्टेअरिंगवरच डोळा लागंल." हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. खेप करायची, मग केन यार्डात नंबर लावून तासन् तास थांबायचे, पुन्हा फडावर जायचे. माणूस आहे, यंत्र नव्हे. पण झोपेवर औषध झोपच आहे. मोठ्या आवाजाने मिटणारा डोळा फार तर चार मैल उघडा राहील, पाचव्या मैलाला काय? चालक गाण्याच्या जोरावर जागतोय म्हणजे आपली वाहतुकीची घडी कुठेतरी चुकते आहे, असे समजावे. याचा दोष एकट्या पोराच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये.

म्हणून हंगाम सुरू होण्याआधी संचालक मंडळाने आणि आपण सभासदांनी पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी माझी सूचना आहे.

पहिली गोष्ट, तोडणी-वाहतुकीच्या करारातच अट घालावी की, चालू ट्रॅक्टरवर बाहेर ऐकू जाईल असा स्पीकर वाजणार नाही आणि चालकाच्या कानात इअरफोन असणार नाही. वजनकाट्यावर गाडी आली की मागचे लाल दिवे, रिफ्लेक्टर, पिन आणि साखळदंड यांबरोबर हेही पाहावे. पहिल्या वेळी समज द्यावी, दुसऱ्या वेळी नंबर मागे टाकावा. दंडाचे पैसे कापण्यापेक्षा नंबर मागे गेलेला चालकाला जास्त समजतो.

दुसरी गोष्ट, केन यार्डाच्या कडेला चालकांसाठी सावली, पाणी आणि पाठ टेकण्यापुरती जागा करावी. नंबर आला की उठवणारा एक माणूस ठेवावा. गाणी ऐकायची तर तिथे गाडी उभी करून खुशाल ऐकावीत. अट नुसती घातली आणि विसावा दिला नाही, तर ती अट कागदावरच राहील.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. पोरगा कॉलेजला निघाला, जावई गावाला निघाला की आपण "जपून जा" म्हणतो. त्याबरोबर "कानातलं काढ" हेही म्हणायला शिकले पाहिजे. ताशी साठच्या वेगाला गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. हॉर्न ऐकून ब्रेकवर हात जायला सेकंदभर लागतोच. हॉर्न ऐकूच आला नाही, तर पुढचा हिशेब मांडायची गरज राहत नाही.

मी गाण्याचा वैरी नाही. माझे इअरफोन मी फेकून दिलेले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर अंगणात बाज टाकतो, तेव्हा ते कानात घालतो आणि पूर्वी गाडीवर उरकून टाकायचो तेच अभंग सावकाश ऐकतो. खरे सांगतो, आता ते जास्त गोड लागतात. गाडीवर मात्र मोकळ्या कानांनी जातो. पाटाचे पाणी ऐकू येते, पाल्याची सळसळ ऐकू येते आणि त्याच वळणावर, पाणंदीतून येणारा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो.

हंगामात रस्ता आपल्या सर्वांचा असतो. त्यावरून नुसता ऊस जात नाही, आपली माणसे जातात. ती संध्याकाळी घरी परत यावीत, यापेक्षा मोठा उतारा कोणत्या हंगामाचा असू शकतो?

पटले तर वार्षिक सभेत बोला. नाही पटले तर या अंकातून उत्तर द्या. पण गाडीवरून येता येता, कानात इअरफोन घालून उत्तराचा विचार करू नका.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद