करून पाहा : बोलकी डबी

गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं आजीला चष्मा लावूनही दिसत नाहीत ना? मग तिची गोळ्यांची डबीच बोलकी करू या!

साहित्य : डीएफप्लेयर मिनी नावाचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा बोर्ड, ३२ जीबीपर्यंतचं कोरं मायक्रोएसडी कार्ड, ८ ओहमचा छोटा स्पीकर, दाबायचं बटण आणि ३ पेन्सिल सेल.

कृती : ‘आजी, ही रात्रीची गोळी. जेवणानंतर घे,’ असं तुमच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्याची एमपी३ फाइल कार्डावर टाका. कार्डावर दुसरं काहीही नको. आता सेल एकापुढे एक जोडा, ४.५ व्होल्ट मिळतील. धन टोक व्हीसीसीला, ऋण टोक जीएनडीला. स्पीकरच्या तारा एसपीके १ आणि एसपीके २ ला जोडा. यातली एकही तार जीएनडीला लावू नका हं! बटण एडीकी १ आणि जीएनडी यांच्यामध्ये जोडा. झालं! बटण दाबून सोडलं की डबी बोलेल.

असं का होतं? कार्डावर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. बोर्डावरची चिप त्या आकड्यांनुसार वीज कमी-जास्त करते आणि स्पीकरचा पडदा थरथरतो. तोच तुमचा आवाज!

आणि हो, काय रेकॉर्ड करायचं ते आधी आई-बाबांना विचारा. डॉक्टरांनी गोळी बदलली, तर त्याच दिवशी फाइलही बदला. डबीचं ऐकून आजी गोळी घेणार आहे, तेव्हा डबी चुकून चालणार नाही!