विमान पोहोचले, पण जहाज?

आमच्या जोयडा तालुक्यात समुद्र नाही. डोंगर आहेत, काळी नदी आहे, पाऊस तर नको इतका आहे. पण जहाज पाहायचे तर अनमोडचा किंवा अणशीचा घाट उतरावा लागतो. तेव्हा या अंकात जहाजाविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कन्नड विभागातील आमचे मित्र विचारतील. अधिकार काही नाही. एक चूक माझ्या हातून घडली, एवढेच.

माझा पुतण्या एका परदेशी प्रवासी जहाजावर मुदपाकखान्यात नोकरीला आहे. दोन वर्षांच्या पगारातून त्याने आईवडिलांसाठी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या जहाजाची तिकिटे काढली. आमचे दादा निवृत्त प्राथमिक शिक्षक. सुपा धरणात जुने सुपे गेले, तेव्हा आमचे बिऱ्हाड रामनगरला आले. वहिनींनी आयुष्यात मोठे पाणी पाहिले ते त्या धरणाचेच, आणि त्याविषयी त्यांचे मत फारसे बरे नाही. तेव्हा समुद्रात दोन दिवस राहायचे, ही कल्पना त्यांना एकदम पटली. जहाजाची तिकिटे पोराची. मुंबईपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मात्र या विद्वान काकाने स्वतःकडे घेतली.

मी हिशेब केला. जहाज संध्याकाळी पाचला सुटणार. त्याच दिवशी सकाळी आपल्या जवळच्या एका विमानतळावरून विमान आहे, ते अकराला मुंबईत उतरते. मध्ये सहा तास! एवढ्या वेळात विमानतळापासून बॅलार्ड पिअरचा धक्का, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर, माणूस चालत आला तरी पोहोचेल, असे मी दादांना विनोदाने म्हणालो. रात्रीच्या गाडीची दगदग वाचली आणि मुंबईत एक रात्र लॉजचे भाडे भरणेही वाचले, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

हा प्रसंग जानेवारी २०२४ मधला. आपल्याकडे त्या सकाळी लख्ख ऊन होते. परंतु जे विमान आपल्याकडून मुंबईला जायचे, ते आधी उत्तरेकडून यायचे होते आणि तिकडे धुके पडले होते. विमान ही वस्तू दिवसभर एका गावाहून दुसऱ्या गावाला फेऱ्या घालीत असते आणि पहाटे कोठेतरी चुकलेला एक तास दुपारपर्यंत तीन तासांचा होऊन सगळ्यांच्या वाट्याला येतो, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. अकराचे विमान सव्वादोनला उतरले. सामान हाती यायला आणखी अर्धा तास. मग टॅक्सी, मग मुंबईची दुपार. दादा-वहिनी धक्क्याच्या दरवाजाशी पोहोचले तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

जहाज अजून तेथेच होते. भिंतीपलीकडे त्याचे वरचे मजले दिसत होते, कठड्याशी माणसे उभी होती. पण दरवाजा साडेतीनलाच बंद झाला होता. पहारेकऱ्याने दादांना खुर्ची दिली, पाणी दिले. आत सोडणे मात्र त्याच्या हाती नव्हते. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. दादा म्हणाले, "अरे, जहाज समोर आहे. आता काय करायचे ते सांग." मी काय सांगणार?

पुढची पन्नास मिनिटे ती दोघे खुर्चीवर बसून जहाज पाहत होती. पाचला ते हलले. दादांनी शेवटचा प्रयत्न म्हणून विचारले, की हे जहाज मुरगावला लागणारच आहे आणि मुरगाव आम्हांला मुंबईपेक्षा जवळ, तर आम्ही तेथे चढू का? उत्तर मिळाले की यादी बंद झाली, नावे वगळली गेली. शेवटी त्याच रात्री कोकणकन्येत कसेबसे अंग चोरून बसून ती मडगावला उतरली आणि अनमोडच्या घाटाने घरी आली. म्हणजे घरी येताना गोवा झालाच! वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "भावजी, जहाजाची पाठ छान दिसते हो." त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

जहाज का थांबत नाही, याचा मी नंतर शोध घेतला. त्यात उर्मटपणा नाही. कोण चढले याची यादी बंद करून बंदराच्या अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. जहाज बाहेर काढणाऱ्या पायलटची आणि ओढबोटींची वेळ ठरलेली असते, धक्क्याची जागा दुसऱ्या कोणाला दिलेली असते आणि मुंबई बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. तेव्हा तिकिटावर छापलेली पाचची वेळ प्रवाशाच्या कामाची नसतेच. त्याची खरी वेळ दरवाजा बंद होण्याची, म्हणजे तास-दीड तास आधीची, क्वचित त्याहूनही आधीची. ती बारीक अक्षरांत असते. मी ती वाचली नव्हती.

पण मला खरा धक्का बसला तो पुतण्याच्या फोनने. तो म्हणाला, "काका, आम्हां नोकरांनासुद्धा कंपनी जहाज सुटण्याच्या दिवशी विमानाने आणीत नाही. आदल्या दिवशी आणते, हॉटेलात ठेवते आणि सकाळी एजंटची गाडी घेऊन धक्क्यावर सोडते." एक भांडी घासणारा पोहोचला नाही तर मुदपाकखाना अडतो, म्हणून जहाजाचे मालक त्याच्या एका रात्रीचे भाडे आनंदाने भरतात. विमानाच्या वेळेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आणि तोच विश्वास आपण सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन टाकतो, कारण त्यांच्या न पोहोचण्याने जहाजाचे काहीच अडत नाही. त्यांचे पैसे आधीच आलेले असतात.

माझे म्हणणे आहे ते येथे. हा केवळ प्रवाशाच्या गबाळेपणाचा प्रश्न नाही. विमानाचे तिकीट एकाने विकले, जहाजाचे दुसऱ्याने. मधल्या पंचवीस किलोमीटरांचा आणि सहा तासांचा धनी कोणीच नाही. पूर्वी असे नव्हते, आणि याचा पुरावा आपल्याच तालुक्यात उभा आहे. कॅसलरॉकचे स्टेशन आपण सहलीला जाऊन पाहतो, फोटो काढतो. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि १८८८ पर्यंत मुरगावहून दूधसागराच्या घाटाने कॅसलरॉकपर्यंत रूळ आले. हा लोहमार्ग मुळात बंदरासाठीच होता. त्याचे दुसरे टोक मुरगावच्या धक्क्याशी होते. मुंबईतही बॅलार्ड पिअरला मोल नावाचे स्टेशन होते; विलायतेच्या बोटीतून उतरलेला साहेब तेथेच आगगाडीत बसून उत्तरेकडे जाई. त्या लोकांचे गोडवे मला गायचे नाहीत. त्यांना माल आणि टपाल हवे होते, आपली सोय नव्हे. पण गाडी आणि बोट हा एकच प्रवास आहे, एवढे त्यांना समजत होते.

आज मुंबईत सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो विमानतळाखालून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत आणि पुढे कफ परेडपर्यंत धावते. टर्मिनसपासून धक्का दोन किलोमीटरांच्या आत. म्हणजे काम जवळजवळ झाले आहे! जहाज सुटण्याच्या दिवशी त्या दोन किलोमीटरांसाठी सामानासकट माणसे नेणारी एक साधी बस हमखास असावी, आणि जहाजाच्या तिकिटावर सुटण्याच्या वेळेपेक्षा मोठ्या अक्षरांत दरवाजा बंद होण्याची वेळ छापावी, शक्य तर घेणाऱ्याला वाचता येईल अशा भाषेत. "त्याच दिवशीच्या विमानाने येऊ नये" हे वाक्यही छापावे. विक्री एखाद्या वेळी कमी होईल, होऊ दे.

उलट नवा घोटाळा वाढतो आहे. गोव्यात दाबोळीचा विमानतळ मुरगाव बंदराच्या शेजारी. पण जानेवारी २०२३ पासून पेडण्यात मोपाचाही सुरू झाला आणि तो गोव्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुंबईलाही आता नवी मुंबईचा दुसरा विमानतळ आहे. तिकिटावर शहराचे नाव पाहून स्वस्त ते घेणारा माझ्यासारखा काका पुन्हा फसणार. परदेशात तरी निराळे काय? ज्या जहाजाच्या जाहिरातीत रोम लिहिलेले असते ते रोमपासून किती तरी दूर चिवितावेक्कियाला लागते, आणि लंडनची म्हणून सांगितलेली पुष्कळ जहाजे साउदॅम्प्टनहून सुटतात.

आमचे एक सहकारी म्हणाले, "प्राध्यापक, हे श्रीमंतांचे चोचले. जोयड्याच्या बसवर लिहा." आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. लोंढ्याला गाडी उशिरा येते आणि रामनगरची बस निघून गेलेली असते, तेव्हा स्टेशनवर बसणारा आपला विद्यार्थी आणि बॅलार्ड पिअरला खुर्चीवर बसलेले आमचे दादा यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. दोघांची वाहने आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे बरोबर असतात. शिवाय जहाजावर नोकरीला जाऊ पाहणारी मुले आपल्या वर्गांत आहेत. त्यांना तरी हे आधी कळावे.

पुतण्याने यंदा पुन्हा तिकिटे पाठवली आहेत. या खेपेस विमानाची चौकशी मी केली नाही. मला कोणी करूही दिली नाही. दादांनी स्वतः मडगावहून कोकणकन्येची दोन आरक्षणे काढली, तीही जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधीची. गाडी पहाटे टर्मिनसला पोहोचते. गिरगावात वहिनींच्या मावसबहिणीकडे मुक्काम आहे. बहिणीने कळवले आहे की दोन दिवस करणार काय, एक पुरे. वहिनींनी उलट कळवले, की एक दिवस आम्ही धक्क्यावर जाऊन दरवाजा पाहून येऊ.