हवेचे सिलिंडर काढायचे की हवेची गळती?



हंगाम संपला, मिलचे रोलर उघडले, आणि दरवर्षीप्रमाणे दुरुस्ती व सुधारणांची यादी संचालक मंडळापुढे आली. त्या यादीतील एका बाबीविषयी चार शब्द लिहिणे जरूर वाटते. सूचना अशी आहे की, कारखान्यात हवेच्या दाबावर चालणारे जे सिलिंडर आहेत ते टप्प्याटप्प्याने काढावेत व त्यांच्या जागी विजेवर चालणारे ॲक्चुएटर बसवावेत. कारण सांगितले जाते वीजबचतीचे. बाब इंजिनिअरिंग खात्याची आहे, साहेब लोक बघून घेतील, असे म्हणून आपण पान उलटू नये. पैसा भागभांडवलातला असो की कर्जातला, फेडायचा आपल्याच उसातून.

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. हवेचा सिलिंडर म्हणजे सायकलच्या पंपाचा उलटा प्रकार. पंपात आपण दांडा दाबतो आणि हवा बाहेर येते. येथे दाबलेली हवा आत येते आणि दांडा बाहेर पडतो. त्या दांड्याला व्हॉल्व्ह किंवा दार जोडलेले असते. १०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाबाची हवा दिली तर तो सुमारे ४७० किलोचा जोर लावतो. विजेच्या ॲक्चुएटरमध्ये मोटर एक स्क्रू फिरवते, त्या स्क्रूवरची नट पुढेमागे सरकते आणि दांडा ढकलते. ट्रकचा स्क्रू-जॅक ज्याने फिरवला आहे त्याला हे लगेच समजेल. मिलच्या वरच्या रोलरवर जो तेलाचा दाब असतो तो तिसरा प्रकार. त्याचा या वादाशी संबंध नाही.

आता विक्रेत्यांचे म्हणणे. ते खोटे नाही, हे प्रथमच कबूल करतो. हवा फुकट असते, पण दाबलेली हवा फुकट थोडीच असते? कॉम्प्रेसरला शंभर युनिट वीज दिली तर सिलिंडरच्या दांड्यापर्यंत दहा-पंधरा युनिटांचेच काम पोचते. बाकीची वीज उष्णता होऊन जाते. कॉम्प्रेसरजवळ हात नेऊन बघा, कळेल. विजेच्या ॲक्चुएटरचा हिशेब याहून पुष्कळ चांगला आहे, शिवाय दांडा हलत नसेल तेव्हा त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. कागदावर पाहिले तर निकाल लागल्यातच जमा.

पण कॉम्प्रेसरची हवा जाते कोठे, हा प्रश्न त्या कागदावर नाही. वर सांगितलेल्या सिलिंडरची चाल ३०० मिलिमीटर धरली, तर एका उघडझापीला साधारण ३३ लिटर मोकळी हवा लागते. उलट, लाईनला कोठेतरी तीन मिलिमीटरचे भोक असेल, तर सात किलो दाबाला त्यातून मिनिटाला ५०० लिटरच्या वर हवा निघून जाते. म्हणजे तेवढ्या हवेत तो सिलिंडर मिनिटाला पंधरा वेळा उघडझाप करील! आणि भोक हंगामभर, रात्रंदिवस, मिल बंद असली तरी चालूच. अशा एका भोकामागे कॉम्प्रेसरची सुमारे तीन किलोवॅट वीज जाते. १२० दिवसांच्या हंगामात ८,६४० युनिटे झाली. युनिटला पाच रुपये धरले तरी ४३,२०० रुपये, एका भोकाचे. जेथे सहवीज प्रकल्प आहे तेथे ही वीज घरचीच असते म्हणून कोणी मोजत नाही. पण ती विकता आली असती, हे विसरून कसे चालेल?

नीट देखभाल नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या हवेपैकी वीस-तीस टक्के गळतीत जाणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. तेव्हा खर्च सिलिंडर करतो की सैल जोड, फुटकी नळी आणि अर्धवट उघडा ठेवलेला ड्रेन कॉक, हे ठरवल्याशिवाय सिलिंडरला दोष देणे बरोबर नाही. घागर गळते म्हणून विहीर बदलण्यासारखे ते होईल.

बरे, विजेचा ॲक्चुएटर सगळीकडे चालेल का? सेंट्रिफ्युगल मशीन घ्या. पॅनमधला दाणेदार पाक तेथे येतो, फिरतो, मळी बाहेर फेकली जाते, साखर जाळीवर राहते, तिला पाणी मारून धुतात आणि खाली सोडतात. हा एक चार्ज साधारण तीन मिनिटांचा. तासाला वीस धरले तर १२० दिवसांत एका मशीनवर ५७,६०० वेळा प्रत्येक व्हॉल्व्ह उघडायचा व मिटायचा. हवेचा सिलिंडर हे काम एक-दोन सेकंदांत करतो. साधा स्क्रूचा ॲक्चुएटर सेकंदाला दहा-वीस मिलिमीटर सरकतो. ३०० मिलिमीटरच्या चालीला त्याला पंधरा ते तीस सेकंद लागतात. शिवाय अशा अनेक ॲक्चुएटरांवर पंचवीस टक्के कामाची मर्यादा असते, म्हणजे दहा मिनिटांत अडीच मिनिटे चालायचे आणि बाकी वेळ थंड व्हायचे. जलद चालणारे आणि न थकणारे प्रकारही मिळतात, नाही असे नाही. मात्र त्यांची किंमत ऐकली की बचतीचा विषय आपोआप संपतो.

धुण्याच्या पाण्याचा व्हॉल्व्ह मिटायला उशीर झाला तर काय होते? एक लिटर पाणी दोन किलोहून अधिक साखर विरघळवते, गरम पाणी तर आणखी जास्त. ती साखर पुन्हा पाकात जाते, पुन्हा उकळावी लागते, आणि तिचा काही भाग शेवटी मळीबरोबर जातो. उताऱ्याचा दशांश टक्का वाढावा म्हणून आपण शेतात काय काय करतो, आणि तो येथे सेकंदांच्या हिशेबाने वाहून जायचा.

जागेचाही विचार हवा. कारखान्यात वाफ आहे, चिकट पाक आहे, बगॅसचा भुसा आहे, आणि हंगामात एकदा तरी कोणीतरी होजपाईपने सगळे धुऊन काढतो. व्हॉल्व्हमध्ये साखरेचा गठ्ठा अडकला तर हवेचा सिलिंडर नुसता दाबून उभा राहतो. गठ्ठा निघाला की पुढे सरकतो. विजेची मोटर अडली की करंट वाढतो. संरक्षण नीट असेल तर ट्रिप होते, नसेल तर जळते. सिलिंडरचे सील आपला फिटर अर्ध्या तासात बदलतो. ते तालुक्याच्या गावी मिळते. ॲक्चुएटरचे कार्ड गेले तर ते पुण्या-मुंबईहून येईपर्यंत काय करायचे? दररोज २,५०० टनांचा कारखाना तासाला शंभर टनांवर ऊस गाळतो. तो थांबला की काट्यापुढे गाड्यांची रांग लागते, आणि उन्हात वाळणाऱ्या उसाचे वजन साहेबांच्या नव्हे, आपल्या बिलातून कमी होते.

वीज गेली तर, हा प्रश्न याहून मोठा. विजेचा साधा ॲक्चुएटर असतो तेथेच थांबतो. स्प्रिंगचा हवेचा व्हॉल्व्ह मात्र हवा व वीज दोन्ही गेली तरी ठरलेल्या बाजूला जातो. पॅनची वाफ बंद व्हावी, बॉयलरचे पाणी चालू राहावे, हे स्प्रिंग सांभाळते. त्यातून हवेच्या टाकीत साठा असल्याने दोन-चार हालचाली करून घेता येतात. बॅटरीवर किंवा स्प्रिंगवर परतणारे विजेचे ॲक्चुएटरही असतात. तेही पुन्हा महाग.

आणि डिस्टिलरीत तर घाई करूच नये. अल्कोहोलची वाफ असते तेथे प्रत्येक विजेचे उपकरण ज्वालारोधक लागते. हवेच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडायला विद्युत भागच नसतो. त्याला हवा सोडणारा विजेचा छोटा व्हॉल्व्ह दूर, सुरक्षित जागी ठेवता येतो. साखरेची धूळही निरुपद्रवी नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार दगावले. तेथे तापलेल्या बेअरिंगमुळे ठिणगी मिळाली असावी असा चौकशीचा निष्कर्ष होता, ॲक्चुएटरचा काही संबंध नव्हता. पण साखर पेट घेते हे ग्रेडर व गोण्या भरण्याच्या जागी यंत्र निवडताना ध्यानात ठेवावे.

एवढे लिहिल्यावर मी विजेच्या विरुद्ध आहे असे कोणी समजेल. तसे नाही. नदीवरच्या जॅकवेलचे व्हॉल्व्ह, सांडपाणी प्रक्रियेची दारे, मळीच्या टाक्यांच्या लाईनी, स्प्रे-पाँडचे पाणी, अशा ठिकाणी व्हॉल्व्ह दिवसातून एक-दोनदाच हलतात. तेथपर्यंत हवेची लाईन ओढणे म्हणजे वाटेत गळतीची नवी ठिकाणे तयार करणे. काही ठिकाणी अशा लाईनी ओढल्या आहेत, त्या आधी तोडाव्यात. तेथे विजेचाच ॲक्चुएटर बसवावा, आणि तो चौकोनी आट्यांच्या स्क्रूचा असावा. त्यात घर्षण जास्त, पण वीज गेली तरी भाराखाली मागे सरकत नाही. जेथे दार अर्धे किंवा पाव उघडून नेमके तेथेच ठेवायचे आहे आणि घाई नाही, तेथेही वीज बरी.

तूर्त खरेदीपूर्वी एक चाचणी व्हावी, तिला पैसा लागत नाही. हवा वापरणारी सर्व यंत्रे बंद ठेवून लाईन मात्र चालू ठेवायची आणि घड्याळ लावून बसायचे. कॉम्प्रेसर दोन मिनिटे हवा भरतो आणि चार मिनिटे रिकामा फिरतो असे दिसले, तर त्याच्या ताकदीचा तिसरा हिस्सा गळतीत जातो आहे. मग साबणाचे पाणी घेऊन जोड तपासावेत, नळ्या बदलाव्यात, हवेतले पाणी काढणारा ड्रायर चालतो की नाही ते पाहावे. दाबही गरजेपेक्षा जास्त ठेवलेला असतो. तो एक किलोने उतरवला तरी कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते. त्यानंतर पुन्हा तीच चाचणी.

माझी संचालक मंडळाला विनंती आहे की, हे दोन्ही आकडे, दुरुस्तीपूर्वीचा व नंतरचा, याच पत्रिकेच्या पुढील अंकात छापावेत, आणि ते छापले जाईपर्यंत सिलिंडर बदलण्याची निविदा काढू नये. जॅकवेल व सांडपाण्याकडील दोन-तीन ॲक्चुएटर यंदा घ्यायला हरकत नाही. सेंट्रिफ्युगल, पॅन, बॉयलर व डिस्टिलरी येथील सिलिंडरांना या हंगामात हात लावू नये. सर्वसाधारण सभेत विषय निघालाच, तर पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी बचतीची टक्केवारी विचारण्याआधी ती कोणत्या मोजणीवरून काढली हे विचारावे.