शिक्षक वर्गातच हवा

गोपाळ कृष्ण गोखले गाजले ते अर्थसंकल्पावरच्या भाषणांनी. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते आणि गरीब रयत मिठावरही कर भरते, हे त्यांनी १९०२ साली आकड्यांनिशी दाखवून दिलं. त्याच गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. शिक्षणाची महती गाऊन ते थांबले नाहीत. सहा ते दहा वर्षांची मुलं, दोन तृतीयांश खर्च सरकारचा, एक तृतीयांश नगरपालिका आणि लोकल बोर्डांचा, असा हिशेबच त्यांनी समोर ठेवला. १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते विधेयक पडलं. बडोद्यात मात्र सयाजीरावांनी १९०६ सालीच ही सक्ती संस्थानभर लागू केली होती. पुढे १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात तोच कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

मुलं शाळेत आली, तरी शिक्षणामागून सुबत्ता आपोआप येत नाही. केरळ साक्षरतेत देशाच्या पुढे होता, तरी तिथले शिकलेसवरलेले तरुण १९७० च्या दशकापासून आखातात जात राहिले, कारण घरी उद्योग वाढले नाहीत. दक्षिण कोरियाने कुळांना जमिनी दिल्या, १९५० च्या दशकात जवळपास प्रत्येक मूल शाळेत आणलं. नंतर निर्यातीचे कारखाने निघाले, तेव्हा लिहितावाचता येणारे कामगार तयार होते. त्या वेळी तिथे लष्करी हुकूमशाही होती. ती कुणालाच नको. पण शाळा रोज भरवायला हुकूमशहा कशाला हवा? महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत, गावची शाळा निवडून दिलेल्या माणसांच्या हाती असावी, हीच ती व्यवस्था.

तरीही शिक्षक वर्गात टिकत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ स्पष्ट सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये. प्रत्यक्षात सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, फोटो अपलोड, पोषण आहाराच्या नोंदी हे सगळं त्यांच्याच माथी. ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत राज्यातले शिक्षक रस्त्यावर उतरले, याची शासनाला लाज वाटायला हवी होती. कारखान्यांसाठी गुंतवणुकीचे करार थाटात होतात. त्या कारखान्यांत उद्या कामाला लागायची ती मुलं आज अनेक गावांत दोन इयत्ता एका खोलीत, एकाच शिक्षकापुढे बसलेली असतात.

प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि कायद्याने तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही सदस्य असाल तर पुढची बैठक चुकवू नका. शिक्षकांची किती पदं रिक्त आहेत आणि गेल्या महिन्यात गुरुजी, बाई किती दिवस दुसऱ्या कामावर होते, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.