केरसुणीला दांडा हवा!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण नवी केरसुणी पाटावर मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि दुसऱ्याच पहाटे ती घरातल्या बाईच्या हाती देऊन तिला कमरेत वाकायला लावतो. माझा आक्षेप पूजेवर नाही. त्या वाकण्यावर आहे.

यंदा माझ्या पुतण्याने इंग्लंडहून उभा व्हॅक्यूम क्लीनर आणला. आमचे एक स्नेही तो पाहताच उद्गारले, “गालिचेवाल्यांचे खूळ! आपल्या फरशीला त्याचा काय उपयोग?” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. त्याचा फिरता ब्रश गालिच्यात रुतलेली धूळ उपटण्यासाठी असतो. आमच्या लादीवर त्याने सांडलेले तांदूळ पार भिंतीपर्यंत उधळले. पलंगाखाली तर ते धूड शिरेचना. पण म्हणून सारे यंत्रच निकालात काढावे काय?

ते कोणी केले ते तरी पाहा. 1901 साली लंडनच्या बूथने धूळ ओढणारे यंत्र केले, ते घोडे जुंपून श्रीमंतांच्या दारी न्यावे लागे. उलट अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात, कँटन गावी, स्पँग्लर नावाचा साठीला टेकलेला माणूस एका मोठ्या दुकानात झाडलोट करी. त्याला दमा होता. केर काढावा तर धूळ उडे आणि धूळ उडली की श्वास कोंडे. 1907 साली त्याने पंख्याची मोटर, साबणाचे खोके, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा एवढ्या सामानातून आपले यंत्र जुळवले. पुढे ब्रश, मागे पंखा, दांड्याला पिशवी. 1908 साली त्याला पेटंट मिळाले. पुढे ते हूवर या चामड्याच्या व्यापाऱ्याने घेतले आणि त्याच्या नावाचा डंका वाजला.

या रचनेचे मर्म मोटरीत आहे असे आपण समजतो. मला ते दांड्यात दिसते. यंत्राचा भार चाकांवर, तोंड जमिनीला टेकलेले आणि दांडा बिजागरीवर. तो कलला तरी तोंड जमीन सोडत नाही. माणूस ताठ उभा राहतो. ज्याला स्वतः झाडावे लागत होते, त्याने केलेली ही रचना आहे!

आमची केरसुणी कोणी घडवली असेल ती असो. पण ती आखूडच राहावी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरवले ते बहुधा हातात कधी न धरणाऱ्यांनीच. पुरावा हवा? दिवाळीपूर्वी छताची जळमटे काढताना आपण तिला काठी बांधतोच की नाही? छताशी हात पोचत नाही म्हणून काठी. जमिनीशी पोचतो, कारण कंबर वाकते! वाकणारी कंबर आपली नसली की काठी सुचत नाही.

मी हे कोणत्या तोंडाने सांगतो? माझी आई चाळीस वर्षे वाकून झाडत होती. म्हातारपणी ती सरळ उभी राहू शकेना, तेव्हा आम्ही ‘वय झाले’ म्हणून मोकळे झालो. तिला साधा दांडा करून द्यावा, हे मला एकदाही सुचले नाही.

तेव्हा वाचकहो, यंत्र घ्या अथवा घेऊ नका. वीज महाग आहे, घरे लहान आहेत, सारे कबूल. पण उद्या केरसुणी आणाल ती लांब दांड्याची आणा, आणि आधी स्वतः घरभर फिरवून पाहा. मग खुशाल तिला हळदकुंकू वाहा.