दिवा खाली करा



विहारात वाहनाची धडक बसून साध्वीजींचा कालधर्म झाल्याची बातमी आली, की आपल्या ग्रुपवर दिवसभर हात जोडलेली चित्रं फिरतात. त्यामागोमाग ठरलेलं वाक्य येतं, ट्रकवाले बेफाम झालेत. असतीलही. पण पहाटेच्या अंधारात त्याच्या डोळ्यांत समोरून कोणाच्या गाडीचा झोत गेला होता, हे कोणी विचारत नाही. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. डोळे दिपलेल्या माणसाला त्या अंतरात रस्त्याच्या कडेची पांढरी वस्त्रंही दिसत नाहीत.

आणि असे झोत टाकणाऱ्या गाड्या फक्त परक्यांच्या नसतात. पर्युषणात संध्याकाळी प्रतिक्रमणाला येणाऱ्या गाड्या स्थानकाच्या फाटकात वळताना बघा. एकीचा दिवा आभाळाकडे, दुसरीचा थेट समोरच्याच्या तोंडावर. त्यातून उतरून आपण आत जातो आणि इरियावहियंचा पाठ म्हणतो. जाता-येता जिवांना झालेल्या त्रासाची क्षमा मागतो! साध्वीजी साडेतीन हात जमीन बघून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. त्यांना ती जमीनच दिसू नये अशी व्यवस्था आपण बंपरवर लावून हिंडायचं, हे मला पटत नाही.

'दिवा वर असला की लांबचं दिसतं,' असं घरोघरी ऐकू येतं. लांबचं बघायला अप्पर असतो, समोर कोणी नसताना लावायचा. डिपरचं काम जवळचा रस्ता दाखवण्याचं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे लिहिलेलंच आहे: ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असलेले डोळे दिव्याने दिपता कामा नयेत. १.५ मीटर म्हणजे आपल्या शिलाईच्या टेपची पूर्ण लांबी. चालणाऱ्या बाईच्या डोळ्यांची उंची साधारण तेवढीच असते.

दुसरं उत्तर 'हे बघतील' किंवा 'मेकॅनिक बघेल'. दोघेही बघत नाहीत. पाणी गाळायला आपण कोणाची वाट पाहतो का? मग स्क्रू फिरवायला कशाला?

संध्याकाळी पार्किंगमध्ये सपाट जमिनीवर गाडी भिंतीजवळ न्या. चाकांत हवा बरोबर हवी, चालकाच्या सीटवर कोणीतरी बसलेलं हवं. स्टिअरिंगजवळ दिव्याची उंची बदलायची छोटी चकती असेल तर ती शून्यावर ठेवा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची टेपने मोजा, दोन्ही दिव्यांसमोर भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ मारा. मग गाडी सरळ मागे घ्या, भिंतीपासून दिव्यापर्यंत ५ मीटर. डिपर लावा. एका दिव्यासमोर पुठ्ठा धरून दुसरा बघा. उजेडाची वरची कड खडूच्या रेघेच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली हवी. ती डावीकडे थोडी वर चढते, ते बरोबर आहे, आपण डावीकडून चालवतो म्हणून. उजवीकडे चढली तर मात्र बिघाड समजा.

कड वर असेल तर बॉनेट उघडा. दिव्याच्या मागे दातेरी चाक किंवा स्क्रू असतो. पाव-पाव फेरा फिरवा आणि भिंतीकडे बघा. दोन स्क्रू असतील तर ज्याने उजेड वर-खाली होतो तोच फिरवायचा, आडव्याला हात लावू नका. स्क्रू फिरतो पण उजेड हलत नाही, म्हणजे आतली पकड तुटली आहे. तेव्हा मेकॅनिककडे जा, आणि काय तुटलंय ते तुम्हीच त्याला सांगा.

स्कूटरचं आणखी सोपं, बहुधा दिव्याच्या खाली एकच स्क्रू असतो. मात्र ती स्टँडवर लावून मोजू नका. सीटवर बसा, रोज मागे बसणारी लेकही बसवा. मागचं वजन वाढलं की दिवा वर उचलला जातो. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, म्हणजे चुकीचा कोन दिवसरात्र समोरच्याच्या डोळ्यांत.

आणि ते बाजारातून आणून बसवलेले पांढरेफेक एलईडी! हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत ते घातले की उजेड चहूकडे विखुरतो, मग कितीही स्क्रू फिरवा. वर त्या निळसर उजेडाकडे किडेही जास्त ओढले जातात. मुलगा रुसला तरी चालेल, मूळचा बल्ब परत लावा.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि ऐन थंडीत, उशिरा उजाडणाऱ्या दिवसांत विहार सुरू होतात. विहारसेवेच्या चकाकत्या जॅकेटांसाठी महिला मंडळ वर्गणी काढतं, ते काढावंच. पण स्थानकाच्या कंपाउंडच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा आणि ५ मीटरवर जमिनीवर एक आडवी रेघ आखायला पाव डबा रंग पुरतो. पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. ज्यांची गाडी तपासलेली नसेल त्यांनी ती घेऊनच यावं.